जप्तीची मर्यादा

1875 च्या मे महिन्यात पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला. त्याच महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्या दंग्यातून 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो इकडे लागू नव्हता. आज मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेचे 60 वे कलम आपणां सर्वांना लागू आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

धनकोला पैशाचा हुकूमनामा मिळाला, तरी ऋणकोचे सर्वस्व जप्त होत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेपुरते बैल व बियाणे, शेतकऱ्याचे व मजुराचे राहते घर, ही सारी त्यातून वगळली आहेत. मजुराच्या मजुरीवर जप्ती येत नाही. पगारातील पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग सुटतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र एकतृतीयांशच सुटतो. सरकारी निवृत्तिवेतन व भविष्यनिर्वाह निधी हेही सुरक्षित आहेत. सेवानिवृत्ताचे निवृत्तिवेतन व उपदान बँकेत ठेवल्यानेही हे संरक्षण जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला.

कर्ज देताना ‘ही सवलत मी सोडतो’ असे कोणी लिहून घेतले, तर तो करार रद्दबातल ठरतो. गरजवंताला अक्कल नसते हे कायद्यानेही ओळखले आहे.

तथापि दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. तारण दिलेल्या मालमत्तेला ही ढाल नेहमी पुरत नाही. म्हणून घर गहाण ठेवताना दहा वेळा विचार करावा. दुसरे असे की, हक्क आपण होऊन दारी येत नाही. जप्तीची नोटीस येताच त्याच न्यायालयात हरकत नोंदवावी.

आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड मजुराची अडचण याहून निराळी आहे. उचल फिटली नाही म्हणून हुकूमनाम्यावाचून बैल सोडून नेण्याचा हक्क मुकादमाला नाही; आणि उचलीपोटी मजुरास डांबून राबवणे 1976 च्या वेठबिगारविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हे आम्ही फडाफडांवर सांगत आलो. परंतु म्हातारपणाच्या निधीवर जप्ती येत नाही, असे सांगताच मजूर विचारतात, ‘निधी कुठं आहे?’ यावर आमच्यापाशी उत्तर नसते. नसलेल्या शिलकेचे रक्षण कोणताही कायदा करू शकत नाही. कोयता धरणाऱ्याच्या नावे हंगामागणिक काही जमा व्हावे, ही मागणी म्हणूनच पहिली आहे.