देवळालीचा ताप आणि ‘रत्नागिरीला पाठवा’

‘डोक्याला ताप’ हे दोन शब्द तुम्ही दिवसातून किती वेळा उच्चारता? जर्नल, सबमिशन, मेसचं जेवण, सगळाच ताप! आता गंमत ऐका. हाच ताप ब्रिटिश शिपायांनी इथून उचलला आणि थेट इंग्रजीत नेऊन ठेवला.

इंग्रजीत ‘डूलॅली’ असा एक शब्द आहे. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही तो सापडेल. एखादा ‘डूलॅली’ झाला, म्हणजे त्याचं डोकं जरा फिरलं. हे डूलॅली म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली. तिथे ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. भारतातल्या नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीत येऊन थांबायचे आणि मुंबईहून बोटीने मायदेशी जायचे. पण त्यांना नेणाऱ्या बोटी साधारण हिवाळी हंगामातच सुटत. हंगामातली शेवटची बोट गेल्यावर ज्याची मुदत संपली, तो पुढचा हंगाम येईपर्यंत तिथेच अडकला. हाताला काम नाही, घर समुद्रापार, वर उन्हाळा आणि मग पावसाळा. दारू, मारामाऱ्या, हिवताप. काही जण विचित्र वागायला लागत. त्या अवस्थेला नाव पडलं ‘डूलॅली टॅप’. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, ताप! शिपायांनी तो हिंदुस्थानी बोलीतून घेतला असला, तरी आपल्या ओळखीचाच. पुढे ताप गळून पडला, डूलॅली तेवढं उरलं. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात या छावणीतल्या तापाबद्दल लिहिलंय. शब्द हलकाफुलका आहे, मित्रांच्या गप्पांत चालेल. निबंधात किंवा अर्जात मात्र नको.

गावाच्या नावाचा असा शब्द होणं नवीन नाही. लंडनमध्ये १२४७ साली बेथलेहेमच्या नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे तिथे मनोरुग्ण ठेवले जाऊ लागले. लोकांच्या तोंडी त्याचं झालं ‘बेडलॅम’. सतराव्या-अठराव्या शतकात माणसं तिथे रुग्ण ‘बघायला’ जायची, आपण प्राणिसंग्रहालयात जातो तशी. आज बेडलॅम म्हणजे नुसता गोंधळ-गोंगाट. सर यायच्या आधीचा आपला वर्ग म्हणा ना. ‘पँडेमोनियम’ही त्याच घरातला, पण तो मिल्टनने १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये सैतानाच्या राजधानीसाठी घडवला. ‘अमॉक’ मलय भाषेतून आला, ‘बर्सर्क’ उत्तर युरोपातल्या जुन्या योद्ध्यांकडून. अमॉकच्या आधी ‘रन’ लागतं, बर्सर्कच्या आधी ‘गो’. बिथरलेला हत्ती गर्दीत घुसला की पहिला, रागाने भान सुटलं की दुसरा.

‘ल्युनॅटिक’मध्ये लॅटिन लुना, म्हणजे चंद्र बसलाय. आपल्याकडे नाही का, ‘अमावस्या जवळ आली वाटतं’ म्हणतात? फरक एवढाच, की हा शब्द आपल्या कायद्यातही होता. १९१२ च्या भारतीय ल्युनसी ॲक्टच्या व्याख्येत तर ‘इडियट’सुद्धा होता. जी शिवी आपण कॅन्टीनमध्ये सहज हासडतो, ती कधीकाळी सरकारी कागदावर माणसाची ओळख म्हणून लिहिली जायची.

आता आपल्या गावाकडे या. शिपायांनी देवळालीचं जे केलं, ते आपण रत्नागिरीचं करतो. ‘याला रत्नागिरीला पाठवा रे!’ पुण्याकडे येरवडा म्हणतात, मुंबईकडे ठाणे. ही तिन्ही आणि नागपूर, राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं याच चार ठिकाणी आहेत. बाहेरगावच्या माणसाला हा नुसता विनोद. आपल्याला मात्र रोज त्या भिंतीवरून जायचं असतं. तुमच्या ग्रुपमधल्या एखाद्याला महिनाभर झोप नाहीये, जेवण जात नाहीये, असं समजा. तुमचा हाच विनोद तो रोज ऐकतोय. तो ओपीडीत जाईल? लहान शहर आहे, गेटपाशी रिक्षा थांबली की बघणारा ओळखीचाच निघतो.

‘वेड’ हा शब्दच टाकून द्या, असं मी अजिबात म्हणणार नाही. क्रिकेटचं वेड, नाटकाचं वेड... मराठीत वेडाला कौतुकही आहे, इंग्रजी ‘क्रेझी’लाही. मला खटकतं ते वेगळंच. पेनं ओळीत लावणारी मैत्रीण ‘ओसीडी’ आणि सकाळी हसून दुपारी रुसणारा मित्र ‘बायपोलर’. हे स्वभाव नाहीत, आजारांची नावं आहेत. ओसीडीत नको असलेला विचार पिच्छा सोडत नाही, हात धुण्यात तास जातात. बायपोलरमधले चढउतार दुपारपुरते नसतात, ते अनेक दिवस, कधी आठवडे चालतात. ज्याला खरंच हे होतं, त्याने सांगायचं ठरवलं तर शब्द कुठून आणायचा? तो आपण आधीच चेष्टेत खर्च केलेला असतो.

‘ल्युनॅटिक’ कायद्यातून कधीच गेला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक. गेटपर्यंत जायचं धाडस होत नसेल, तर ‘टेलिमानस’ ही सरकारी हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत. मराठीत बोलता येतं.