वेबसाईट काढली, आता गिऱ्हाईक कसे आणावे?



उसाच्या बिलावर घर चालते, पण पोराबाळांचे सगळेच काही त्या एका बिलावर भागत नाही, हे आम्ही आपणांस सांगायला नको. म्हणूनच आता घरोघरी काहीतरी जोडधंदा निघू लागला आहे. कोणी गुऱ्हाळ टाकून गुळाच्या लहान ढेपा आणि काकवीच्या बाटल्या विकतो. कोणी हुरड्याच्या दिवसांत शहरच्या पाहुण्यांची शेतावर सोय करतो. कोणाच्या सूनबाई मसाले करतात. धंदा सुरू झाला की मुलगा म्हणतो, "आपली वेबसाईट पाहिजे." उसाच्या हप्त्यातले पैसे घालून वेबसाईट होते, आणि मग महिना-दोन महिने फोन काही वाजत नाही.

येथे घरात दोन मते पडतात. म्हातारी माणसे म्हणतात, पैसे पाण्यात गेले. मुलगा म्हणतो, जाहिरातीला आणखी पैसे टाकू. आमच्या मते दोन्ही घाईचे आहे. वेबसाईट म्हणजे गल्लीच्या आत काढलेले दुकान. दुकान चांगले असले तरी हमरस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. गल्लीच्या तोंडाशी वाट दाखवण्याचे काम वेगळे आहे, आणि त्यातले पुष्कळसे काम पैशाने नव्हे तर मेहनतीने होते. ते कसे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

गिऱ्हाईकाच्या जागी उभे राहून पाहा

उदाहरण आम्ही मुद्दाम ऊसपट्ट्यातले न घेता समुद्रकाठचे घेतो. तेथे आपण गिऱ्हाईक असतो, आणि गिऱ्हाईकाच्या जागी उभे राहिले की विकणाऱ्याचे काय अडते ते लवकर कळते.

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा हे गाव आहे. समोरच्या तीरावर श्रीवर्धन तालुक्यातले दिघी. मधल्या पाण्यावर गाड्या वाहून नेणारी फेरीबोट चालते, त्यामुळे खाडीला वळसा घालून जाण्याचा लांबचा रस्ता वाचतो. जंजिरा पाहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वराकडे निघालेले प्रवासी येथून पलीकडे जातात. सहलीच्या निमित्ताने आपल्यापैकी कित्येकांनी ही वाट पाहिली असेल.

समजा, तेथे एका कुटुंबाने नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्या बांधल्या, घरगुती जेवणाची सोय केली आणि वेबसाईट काढली. आता तुम्ही मुलाबाळांसह गाडीत बसून त्या बाजूला निघाला आहात. त्या घराच्या वेबसाईटचे नाव तुम्हाला माहीत आहे का? नाही. मग तुम्ही काय करता? फोनवर "आगरदांडा राहण्याची सोय" असे शोधता. किंवा फेरीची वाट पाहत धक्क्यावर उभे असता तेव्हा समोरची पाटी वाचता. किंवा मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मेव्हण्याला फोन लावता. शोध, पाटी आणि ओळख या तीनच वाटा आहेत. आणि या तिन्ही थोड्या खर्चात होतात.

आधी सातबारा आपल्या नावावर करा

वाटा बांधण्याआधी एक गोष्ट तपासा. वेबसाईटचे जे नाव घेतले जाते, ज्याला डोमेन म्हणतात, ते कोणाच्या नावावर नोंदले आहे? पुष्कळदा वेबसाईट करून देणारा ते स्वतःच्या नावावर घेतो. जमीन आपण कसायची आणि सातबारा दुसऱ्याचा, असा तो प्रकार होतो. पुढे त्याच्याशी बिनसले की नावही गेले आणि त्या नावावर केलेली सगळी मेहनतही गेली. तेव्हा नाव आपल्या नावावर, आपल्या फोन नंबरावर आणि आपल्या ई-मेलवर घ्यावे. त्याची मुदत संपण्यापूर्वी ते नूतनीकरण करावे लागते, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. २०१४ सालापासून '.भारत' हे देवनागरी नावही मिळते. पण इंग्रजी अक्षरांतले नाव फोनवर सांगायला व टाईप करायला पुष्कळांना सोपे जाते, म्हणून एकच घ्यायचे असल्यास तेच घ्यावे.

पहिली वाट : शोध

शोधणारा माणूस जे शब्द वापरतो तेच शब्द आपल्या पानावर असले पाहिजेत. "निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव" असे लिहून काही साधत नाही, कारण तसे कोणी शोधत नाही. "आगरदांडा, तालुका मुरूड, फेरीच्या धक्क्यापासून अमुक अंतरावर, दोन खोल्या, मासळीचे व शाकाहारी जेवण, गाडी लावायला जागा, भाडे इतके" असे लिहिले तर काम होते. गावाचे नाव मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही लिहावे, कारण मुंबई-पुण्याचा माणूस दोन्ही तऱ्हेने शोधतो. भाव लपवू नये. फोन नंबर पानाच्या अगदी वर द्यावा. फोटो आपल्याच खोलीचे, आपल्याच ताटाचे असावेत, आणि ते हलके करून टाकावेत. खेड्यात किंवा घाटात रेंज कमी असते, पान उघडायला वेळ लागला तर माणूस पुढे निघून जातो.

जे नाही तेही लिहावे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. हे ज्याच्या पानावर आधीच लिहिलेले आहे त्याच्यावर गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो. तसेच आपल्याकडे "हुरडा फक्त थंडीत मिळेल, गुऱ्हाळ अमुक महिन्यात बंद" हे स्पष्ट लिहावे.

याच्या जोडीला गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद करावी. ही सोय २०१४ साली 'गूगल माय बिझनेस' या नावाने आली, २०२१ पासून तिला 'गूगल बिझनेस प्रोफाईल' म्हणतात. तिला एक पैसाही पडत नाही. पत्ता, वेळा, फोटो, फोन व वेबसाईट भरायची आणि जागा आपलीच आहे याची पडताळणी करून घ्यायची. आमच्या मते पहिल्या महिन्यात हे एकच काम नीट झाले तरी पुष्कळ झाले.

गावाचे नाव हेही भांडवल असते. आगरदांड्याच्या शेजारच्या तालुक्यातल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूरच्या गुळाला ते २०१४ सालीच मिळाले होते. म्हणून आपला माल कोणत्या गावचा, कोणत्या मातीतला ते अभिमानाने लिहावे. मात्र आपला गूळ त्या भागातला नसताना त्यावर "कोल्हापुरी" लिहू नये. ते कायद्यातही बसत नाही आणि सचोटीतही बसत नाही.

दुसरी वाट : पाटी

फेरीची वाट पाहणारा माणूस मोकळा असतो. त्याच्या समोर, रीतसर परवानगी घेऊन लावलेली एक ठसठशीत पाटी पुष्कळ काम करते. पाटीवर चारच गोष्टी असाव्यात: काय मिळते, किती अंतरावर, फोन नंबर आणि फोनने टिपता येणारा क्यूआर कोड. तो टिपला की थेट आपली वेबसाईट उघडते. हा कोड फुकट तयार करता येतो.

आपल्याकडे धक्का नाही, पण माणसे थांबतात अशा जागा आहेतच: रसवंती, देवस्थान, आठवडे बाजार, एस. टी. स्टँड. आणि आपला माल ही स्वतःच एक फिरती पाटी आहे. काकवीची बाटली पुण्याच्या एका स्वयंपाकघरात गेली की ती तेथे दोन महिने उभी राहते. तिच्या चिठ्ठीवर वेबसाईट, फोन व क्यूआर कोड नसेल तर ती संधी वाया गेली म्हणायची. खाण्याच्या मालाला अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते. ती करून तो क्रमांकही चिठ्ठीवर छापावा.

तिसरी वाट : ओळख

विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरचा कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्याआधी भागभांडवल जमले ते गावोगाव फिरून, माणसांना समक्ष भेटून जमले. फोनच्या जमान्यातही विश्वास ओळखीनेच पसरतो, फक्त साधन बदलले.

व्हॉट्सॲपने २०१८ साली लहान व्यापाऱ्यांसाठी 'व्हॉट्सॲप बिझनेस' हे मोफत ॲप आणले. त्यात मालाची यादी भावासह लावता येते. त्यातल्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नंबर बसतात. पण ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून माल देतानाच "आमचा नंबर सेव्ह करा" असे सांगावे, आणि ज्याची इच्छा आहे त्यालाच कळवावे. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवू नयेत. नवा गूळ निघाला, हुरडा सुरू झाला, एवढेच कळवावे.

समाधानी गिऱ्हाईकाला नकाशावरच्या नोंदीखाली दोन ओळी लिहायला सांगावे. कोणी तक्रार लिहिली तर भांडू नये, नम्रपणे उत्तर द्यावे. पैसे देऊन खोटे अभिप्राय लिहून घेऊ नयेत. ऑनलाईन अभिप्रायांविषयी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली मानकही काढले आहे.

शेजाऱ्याशी चढाओढ न करता जोड घालावी. आगरदांड्याच्या घराने पलीकडच्या तीरावरच्या घराचा नंबर आपल्या पानावर द्यावा, त्याने याचा द्यावा. येणारा प्रवासी दोघांचाही आहे. आपल्याकडे गूळवाला, हुरडावाला व मसालेवाली यांनी असेच करावे. सहकार आपल्याला शिकवायला नको.

पैशाची जाहिरात आणि उतारा

या तिन्ही वाटा झाल्यावरच पैसे देऊन जाहिरात करावी. गूगल किंवा फेसबुकवर रोजची खर्चमर्यादा ठरवता येते आणि कोणत्या शहरातल्या लोकांना दाखवायची तेही ठरवता येते. पण आधी वजनकाटा बसवावा. वहीत तीन रकाने आखावेत: किती जणांनी पान पाहिले, किती जणांनी फोन केला, किती जणांनी माल घेतला. प्रत्येक फोनवर "आमचे नाव कोठे कळले?" हे विचारून लिहून ठेवावे.

समजा, तीन हजार रुपये घातले. तीनशे माणसांनी पान पाहिले, बारा फोन आले, तिघांनी खोली घेतली. म्हणजे एका गिऱ्हाईकामागे हजार रुपये पडले. खोलीमागे खर्च जाऊन दीड हजार सुटत असतील तर ठीक. पण काकवीच्या बाटलीमागे साठ रुपये सुटत असतील तर हा धंदा तोट्याचा झाला. उसाचे टनेज कितीही वाढले तरी उतारा नसेल तर साखर निघत नाही, तसेच हे आहे. लहान नफ्याच्या मालाला जुने गिऱ्हाईकच तारते. लागणीला खर्च जास्त, खोडव्याला कमी. म्हणून नव्या गिऱ्हाईकामागे धावण्याआधी जुन्याला फोन करावा.

सावध राहा

"गूगलवर पहिला नंबर आणून देतो, हमी आमची" असे कोणी म्हटले तर हात जोडावेत. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगते. नकाशावरची नोंद चालू ठेवण्यासाठी पैसे मागणारा फोन आला तर तो लबाडीचा समजावा. यूपीआयने पैसे घेताना आपला पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त देताना लागतो. हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे. आणि जाहिरातीसाठी कर्ज काढू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

सभासदांनी पुढचा हप्ता जाहिरातीत घालण्यापूर्वी तीन कामे करावीत: डोमेन आपल्या नावावर आहे का ते पाहावे, नकाशावर नोंद करावी, आणि वही घालावी. तीन महिन्यांनी ती वहीच सांगेल की पुढे पैसे घालावेत की नाही. सूनबाईंनी आणि मुलांनी हे काम हाती घेतले असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना तेवढी सवड द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.