विस्कटलेली लाट पुन्हा जुळते तेव्हा

मे १९२६ मध्ये हेंड्रिक लोरेंट्झ यांनी झुरिकला एर्विन श्रोडिंगर यांना एक लांबलचक पत्र धाडले. श्रोडिंगर यांचे तरंगसमीकरण तेव्हा जेमतेम काही महिन्यांचे होते. अनेक लाटा एकवटून झालेले इवलेसे वेव्ह पॅकेट म्हणजेच इलेक्ट्रॉन, अशी त्यांना आशा होती. बहात्तर वर्षांच्या लोरेंट्झ यांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले: हे पॅकेट टिकायचे नाही, पसरत जाईल. श्रोडिंगर यांनी सरल आवर्ती आंदोलकाचे, म्हणजे स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारख्या डोलणाऱ्या कणाचे, उदाहरण पुढे केले. त्यात पॅकेट न विस्कटता डोलत राहते. ते उदाहरण अपवादात्मक आहे, हे हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले.

पसरण्याचा वेग तरी किती? अणूएवढ्या जागेत कोंडलेला इलेक्ट्रॉन मोकळा सोडला, तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दशलक्षाव्या भागात त्याचे पॅकेट दुपटीहून मोठे होते. एक ग्रॅमच्या गोटीचे दशांश मिलिमीटरचे पॅकेट दुप्पट व्हायला मात्र विश्वाच्या वयाच्या लाखो पट काळ लागेल. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबत.

पण पुढचा भागही त्याच समीकरणात होता. मोकळ्या इलेक्ट्रॉनला कोणतीही ऊर्जा चालते, बांधलेल्याला ठरावीकच. देवळाभोवती एकत्र निघालेली माणसे आपापल्या चालीने प्रदक्षिणा घालू लागली की पांगतात. पण चालींचे गुणोत्तर पूर्णांकी असेल, तर कधीतरी सगळी पुन्हा एकाच जागी येतात. अधल्यामधल्या काही क्षणी त्यांचे दोन-तीन सारखे घोळकेही दिसतात. दोन भिंतींमध्ये अडकलेल्या कणाची ऊर्जा पूर्णांकाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून तिथे हा हिशेब तंतोतंत जुळतो. एक नॅनोमीटरच्या पेटीतला इलेक्ट्रॉन सुमारे ११ फेम्टोसेकंदांत मूळ रूपात परततो. हे गणित १९२६ मध्येही कागदावर मांडता आले असते. प्रकाशातले त्याचे भावंड तर हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३६ मध्येच पाहिले होते: जाळीतून गेलेल्या प्रकाशात जाळीचीच प्रतिमा ठरावीक अंतरावर पुन्हा उमटते.

खरी अडचण प्रयोगाची होती. त्यासाठी अतिलघु स्पंदांचे लेसर हवे होते. १९८६ मध्ये पार्कर आणि स्ट्राउड यांनी रिडबर्ग अणूंत, म्हणजे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून फार दूर फिरतो अशा अणूंत, पॅकेट पुन्हा जुळेल असे गणिताने दाखवले. १९८९ मध्ये अवेरबुख आणि पेरेलमन यांनी त्या घोळक्यांचे, म्हणजे अंशतः जुळण्याचे, नियम मांडले. १९९० मध्ये येझेल, मॅलालियू आणि स्ट्राउड यांनी हे जुळणे प्रत्यक्ष टिपले. माझ्या मते या सगळ्या कथेतले हेच सर्वांत मोठे काम. इलेक्ट्रॉनची ऊर्जापातळी सांगणारा मुख्य क्वांटम अंक ६५ धरला, तर इलेक्ट्रॉनची एक फेरी सुमारे ४२ पिकोसेकंदांची होते, आणि विस्कटलेले पॅकेट वीसेक फेऱ्यांनंतर, म्हणजे जवळपास ०.९ नॅनोसेकंदाने, पुन्हा एकवटते. तेही हुबेहूब नाही: या अणूतल्या ऊर्जांचे गुणोत्तर पेटीइतके नेटके नसते.

२००२ मध्ये म्युनिकजवळच्या संशोधकांनी लेसरच्या जाळीत अडकवलेल्या अतिशीत रुबिडियम अणूंच्या द्रव्यलहरी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास मोडून पुन्हा जुळताना पाहिल्या.

यावरून श्रोडिंगर शेवटी बरोबर ठरले, असे कुणी म्हणू लागले तर मात्र थांबवायला हवे. पुन्हा एकवटते ती इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता, तो स्वतः विरघळून परत आलेला नसतो. लोरेंट्झ यांचा आक्षेप आजही बिनतोड आहे.