सत्तावीस रंगांचे यंत्र, चार रंगांचे युद्ध

जपानच्या इरेम कंपनीने 1987 मध्ये ‘आर-टाइप’ हा खेळ आर्केडमध्ये आणला. अंतराळात विमान उडवायचे आणि समोर येईल त्यावर गोळ्या झाडायच्या, असे खेळ तोवर ढिगाने झाले होते. याची गंमत वेगळी होती. ‘फोर्स’ नावाचा एक गोळा विमानाच्या नाकाला किंवा शेपटीला जोडता येई, हवा तेव्हा सुटा करून शत्रूच्या अंगावर सोडता येई. बटण दाबून धरले की तोफेत शक्ती साठत जाई. पण तेवढा वेळ गोळीबार बंद! कधी थांबायचे आणि कधी सोडायचे, हाच सगळा खेळ. पहिल्याच टप्प्याच्या शेवटी पडद्याची एक बाजू व्यापणारा राक्षस उभा असे.

घरच्या संगणकावर हा खेळ यावा, असे कुणाला वाटणार नाही? ब्रिटनमध्ये अॅमस्ट्रॅड सीपीसी 464 घेतलेल्यांना तर ते वाटणारच. 1984 चे हे यंत्र कीबोर्ड, टेपरेकॉर्डर आणि मॉनिटर अशा एकत्र संचात मिळे. हिरव्या पडद्यासह 249 पौंड, रंगीत पडद्यासह 359. म्हणजे रंगासाठी वरचे 110 पौंड मोजलेले लोक होते. यंत्राकडे रंग होतेही सत्तावीस. ठळक ठिपक्यांच्या ‘मोड 0’ मध्ये त्यांतले सोळा एकाच वेळी पडद्यावर दिसत.

इलेक्ट्रिक ड्रीम्स या कंपनीने 1988 मध्ये अॅमस्ट्रॅडसाठी आर-टाइपची जी कॅसेट विकली, तिच्यात दिसले चार. शिवाय खेळ जड, रेंगाळत सरकणारा. आराखडा तोच, शत्रू ओळखीचे, फोर्सही जागेवर. पण ज्या खेळात क्षणाचा अंदाज हेच कौशल्य, तिथे मंद गती म्हणजे प्राणच काढून घेणे.

दोष यंत्राचा म्हणावा, तर कारण निराळेच निघते. सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणि अॅमस्ट्रॅड, दोघांत झेड-80 हाच प्रोसेसर. (1986 पासून तर दोन्ही यंत्रे एकाच मालकाची, अॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेतला होता.) त्यामुळे स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅम उचलून अॅमस्ट्रॅडवर बसवणे स्वस्तात होई. आर-टाइपचे तेच झाले. अडचण होती पडद्याची. स्पेक्ट्रमवर 256 गुणिले 192 ठिपक्यांचे चित्र 6,144 बाइटमध्ये मावते आणि रंगांची माहिती वेगळ्या 768 बाइटमध्ये असते. अॅमस्ट्रॅडच्या चार रंगांच्या ‘मोड 1’ मध्ये तेवढ्याच चित्राला 12,288 बाइट लागतात. म्हणजे प्रत्येक हालचालीला दुप्पट ओझे. प्रोसेसर कागदावर 4 मेगाहर्ट्झचा असला, तरी पडद्याच्या सर्किटसाठी त्याला सतत थांबावे लागे. प्रत्यक्ष वेग साधारण 3.3 इतकाच, स्पेक्ट्रमच्या 3.5 हून कमी. दुसऱ्या यंत्राच्या मापाने लिहिलेला प्रोग्रॅम इथे धापा टाकणार नाही तर काय?

आणि मूळ स्पेक्ट्रम आवृत्ती? बॉब पेप यांनी लिहिलेली ती आवृत्ती त्या यंत्रावरच्या उत्तम नेमबाजी खेळांत गणली जाते. स्पेक्ट्रममध्ये आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग बसतात. ती मर्यादा ओळखून चित्रे आखल्यामुळे पडदा रंगांनी उजळून निघाला. भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने विकले गेलेले यंत्र याच जातीचे. स्वस्तातला संगणक रंगीत आणि महागातला फिका, असा उलटा प्रकार!

घाईमुळे असे झाले, हा बचावही पुरता पटत नाही. कमोडोर 64 या संगणकावरचा आर-टाइपसुद्धा काही आठवड्यांत उरकलेला. ‘काताकिस’ हा खेळ आर-टाइपची नक्कल आहे अशी हरकत घेतली गेली आणि शेवटी तो करणाऱ्यांकडेच अधिकृत आवृत्तीचे काम आले. मात्र कमोडोरमध्ये हलत्या आकृत्यांसाठी खास चिप होती, ही गोष्ट त्यांच्या बाजूने मांडलीच पाहिजे.

अॅमस्ट्रॅडवाल्यांना न्याय मिळाला तो 2012 मध्ये. ईस्टर एग या हौशी गटाने ‘आर-टाइप 128के’ तयार करून मोफत दिला: सोळा रंगी, देखणा. त्याला 128 किलोबाइट मेमरी लागते, म्हणजे 64 किलोबाइटच्या सीपीसी 464 वर तो तसाच चालणार नाही. आणि हौशी माणसांना तारखेचा धाक नसतो. हे दोन्ही धरूनही 1988 च्या कॅसेटला माफ करणे कठीण. एमुलेटरवर खेळून पाहायचे असेल तर आधी पेप यांचा स्पेक्ट्रमवरचा खेळ लावा, मग 2012 चा. जुन्या अॅमस्ट्रॅड कॅसेटला पहिल्या टप्प्यापुरता वेळ दिला तरी पुरे.