नोटेमागचं सोनं

‘तिजोरीत जेवढं सोनं, तेवढ्याच नोटा सरकारला छापता येतात.’ लग्नाच्या पंगतीत हे छातीठोकपणे सांगणारा एक तरी भेटतोच. रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्यात नोटांच्या मूल्याच्या 40 टक्के तारण सोनं आणि परकीय रोखे मिळून ठेवण्याची अट होती. ती 1956 मध्ये गेली. 1957 पासून नियम असा: नोटा कितीही असोत, सोनं आणि परकीय रोखे मिळून किमान 200 कोटींचे, त्यात सोनं किमान 115 कोटींचं. दहा ग्रॅमला लाख रुपये भाव धरला तर हे सोनं 115 किलो होतं. चलनात नोटा आहेत 35 लाख कोटींहून अधिक! नोटेवरचं गव्हर्नरचं वचनही सोन्याचं नाही, तेवढ्या रुपयांचं आहे.

डॉलरबद्दलही अशीच एक समजूत आहे. 1971 पर्यंत कोणीही डॉलर देऊन अमेरिकेकडून सोनं घेऊ शकत होता म्हणे. 1944 च्या ब्रेटन वुड्स करारानंतर 35 डॉलरला एक औंस हा दर होता खरा, पण तो परदेशी सरकारं आणि मध्यवर्ती बँकांसाठी. खुद्द अमेरिकी नागरिकाला 1933 पासून 1974 अखेरपर्यंत सोन्याच्या लगडी बाळगायलाच बंदी होती. 15 ऑगस्ट 1971 ला अध्यक्ष निक्सन यांनी सरकारांसाठीची ही खिडकीही बंद केली.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो 1991 बद्दल. ‘देशाचं सोनं विकलं’ असं आजही म्हटलं जातं. त्या वर्षी व्यवहार दोन झाले. मे महिन्यात, चंद्रशेखर पंतप्रधान असताना, तस्करांकडून जप्त केलेल्या साठ्यातलं 20 टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला दिलं गेलं. ही विक्री होती, पण परत विकत घेण्याच्या हक्कासह. जुलैमध्ये, नरसिंह रावांच्या काळात, रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं, सुमारे 40 कोटी डॉलरसाठी. परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. कर्ज देणाऱ्यांना नुसत्या कागदावर भरवसा नव्हता. सोनं लंडनला पोचलं पाहिजे, अशी अट होती. मुंबईतून कडक बंदोबस्तात ते विमानतळाकडे निघालं आणि वाटेत एक गाडी बिघडली. बंदूकधारी पहारेकऱ्यांनी तिला गराडा घातला, म्हणजे जे गुपचूप करायचं तेच भर रस्त्यात! बातमी फुटली आणि लोकांना ते मंगळसूत्र सावकाराकडे ठेवल्यासारखं लागलं. राग समजण्यासारखा होता, पण ती विक्री नव्हती. जुलैचं कर्ज त्याच वर्षी फिटलं.

मग 2024 मध्ये ब्रिटनमधून सुमारे 100 टन सोनं आलं, ते कुठलं? ‘गहाण सोडवलं’ असे संदेश फिरले. सोडवायला काही उरलंच नव्हतं. लंडन ही सोन्याची मोठी बाजारपेठ. विकायचं किंवा त्यावर पैसे उचलायचे तर तिथे असलेलं बरं, म्हणून भारतासह अनेक देश तिथे सोनं ठेवतात. 2009 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 200 टन विकत घेतलं, त्यानंतरही साठा वाढत गेला.

पण परदेशात ठेवलेल्या ठेवीला धोकाही असतो. रशियाचा परदेशी ठेवलेला सुमारे 300 अब्ज डॉलरचा राखीव निधी 2022 मध्ये गोठवला गेला. त्याच्या स्वतःच्या तिजोऱ्यांतलं सोनं मात्र कोणाला गोठवता आलं नाही. त्यानंतर कितीतरी मध्यवर्ती बँकांनी सोन्याची खरेदी वाढवली. मार्च 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेकडे सुमारे 880 टन सोनं होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त देशातच, मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत.