जांभ्याचा तट आणि सिमेंटची डागडुजी

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, की उजव्या हाताला पाण्यात शिरलेला डोंगर दिसतो. त्यावर रत्नदुर्ग किल्ला आहे. आदिलशाही, मराठे आणि १८१८ नंतर इंग्रज अशा राजवटी या किल्ल्याने पाहिल्या. आता तेथे शत्रू येत नाही. तटाची झीज मात्र चालूच आहे. मुलांची सहल अशा किल्ल्यावर नेली, की एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, सिमेंट लावून हा तट एकदाच पक्का का करून टाकत नाहीत?’

प्रश्न रास्त आहे. अनेक ठिकाणी मोठ्या माणसांनीही हाच विचार केला आणि तट वाचवण्याच्या भरात त्याचे आयुष्य कमी केले. असे का झाले, हे समजण्यासाठी आधी दगड समजून घेतला पाहिजे.

कोकणातील जुने बांधकाम पुष्कळसे जांभ्या दगडाचे आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने केरळातील अंगाडीपुरम येथे या दगडाची नोंद केली आणि त्याला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. ‘लॅटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. नाव समर्पक आहे, कारण हा दगड विटेसारखा कापता येतो. उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर निघून जाते व लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. तोच जांभा. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो. उघड्यावर वाळला की कठीण होतो. मात्र तो सच्छिद्रच राहतो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातले पाणी चिऱ्यात शिरणारच. ते पुन्हा बाहेर पडू शकते का, यावर तटाचे आयुष्य अवलंबून असते.

जुन्या गवंड्यांनी दोन चिऱ्यांमधल्या दर्जा चुन्याने भरल्या. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले, की तो खदखदून फुटतो व विरलेला चुना तयार होतो. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. म्हणजे शिंपल्यापासून निघालेले रासायनिक चक्र भिंतीत पूर्ण होते. त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली तर ओलाव्यातही चुना घट्ट होतो. गूळ, हिरडा, बेलफळ असे पदार्थही घालण्याची पद्धत होती.

चुन्याची दर्ज जांभ्याइतकीच, किंवा त्याहून थोडी अधिक, सच्छिद्र असते आणि दगडापेक्षा मऊ असते. भिंतीतले पाणी दर्जांच्या वाटेने बाहेर पडून वाळते. झीज व्हायचीच असेल तर ती चुन्याची होते, चिऱ्याची नव्हे. वीस-तीस वर्षांनी दर्जा पुन्हा भरता येतात. चिरा मात्र एकदा गेला की गेला.

आता सिमेंटचा विचार करू. आजच्या सिमेंटचा पूर्वज असलेल्या पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन याने घेतले. नव्या बांधकामासाठी हे उत्तम द्रव्य आहे. परंतु जांभ्याच्या तटात ते दगडापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र ठरते. दर्जा सिमेंटने बंद केल्या, तरी तटाच्या माथ्यावरून आणि जमिनीतून पाणी शिरतच राहते. आता त्याला बाहेर पडण्यास दगडाचाच पृष्ठभाग उरतो. समुद्राकाठच्या पाण्यात मीठ असते, सिमेंटमधूनही काही क्षार येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढतात. हे स्फटिक छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. घरातील भिंतीला लोणा लागतो, तो याच प्रकारचा. काही वर्षांनी चिरा आत खंगत जातो आणि सिमेंटची दर्ज चौकटीसारखी पुढे उभी राहते. दुरुस्ती शाबूत राहते, पण जिच्यासाठी ती केली ती वस्तू झिजून जाते.

अशी चूक केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील मंदिरांत प्राचीन ग्रीकांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी आकड्यांनी जोडले होते आणि ते आकडे शिशाने मढवले होते. १८९८ नंतर निकोलाओस बालानोस या अभियंत्याने तेथे मोठी दुरुस्ती केली. पण त्याच्या लोखंडाला शिशाचे आवरण नव्हते. लोखंड गंजले. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असते, त्यामुळे संगमरवर आतून तडकू लागला. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली हे लोखंड काढून न गंजणाऱ्या टायटॅनियमचे आकडे बसवण्याचे काम हाती घेण्यात आले. मांडवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज असते. टायटॅनियमचे ते एक धातुक आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

अशा अनुभवांतून जतनाचे काही नियम ठरले. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या जतनविषयक पुस्तिकेत मूळ बांधकाम नव्याने उभारण्यापेक्षा आहे तसे टिकवण्यावर भर दिला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले, की जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. व्यवहारात याचा अर्थ असा : आधी पाण्याचा निचरा करावा, मग दर्जा मूळच्या जातीच्या चुन्याने भराव्यात, आणि नवे काम जुन्यापासून ओळखता यावे. तटात उगवलेला पिंपळ ओढून काढू नये. मुळांबरोबर चिरेही निखळतात. तो कापून मुळे जाणकारांकडून मारून घ्यावी लागतात.

कायद्याचे साहाय्य आहे, पण ते सर्वत्र पोचत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी वास्तू प्राचीन स्मारक ठरू शकते. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आली आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी आवश्यक झाली. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. तरीही कितीतरी गढ्या, बुरूज आणि तट कोणत्याच यादीत नाहीत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील सुवर्णदुर्ग आहे. अशा वेळी गावोगाव दुरुस्तीचा उत्साह वाढतो. यादीबाहेरच्या तटांवर तो उत्साह सिमेंटची पोती घेऊन पोचला, तर नुकसान भरून काढता येणार नाही.

हे वर्गात दाखवता येते. दोन कच्च्या भाजलेल्या विटा घ्या. एकीच्या वरच्या अर्ध्या भागाला सर्व बाजूंनी व माथ्यावर सिमेंटचा गिलावा करा आणि तो आठवडाभर पाणी मारून पक्का होऊ द्या. मग दोन्ही विटा परातीत मिठाच्या पाण्यात उभ्या करा; पाणी दोन-तीन सेंटिमीटर ठेवा व कमी होईल तसे साधे पाणी घाला. काही आठवड्यांत उघड्या विटेवर मीठ वरपर्यंत पसरलेले दिसेल. गिलाव्याच्या विटेवर ते मुख्यतः पाणी आणि गिलावा यांमधल्या उघड्या पट्ट्यात साचेल. वीट प्रथम कोठे झिजते ते मुलांनाच नोंदवू द्या.

पुढची सहल किल्ल्यावर जाईल तेव्हा वही, मोजपट्टी आणि ही नजर बरोबर असावी. पाणी कोठे साचते, कोणत्या दर्जा मोकळ्या आहेत, सिमेंट कोठे लागले आहे, हे मुलांनी टिपून घ्यावे. ढासळलेला चिरा उचलून दुसरीकडे रचू नये. तो पडला ती जागाही एक पुरावा आहे. अशी टिपणे दरवर्षी जपून ठेवली आणि पुरातत्त्व विभागाला कळवली, तर तटाचा पुढचा दुरुस्तीकार मुलांच्या वह्या उघडून कामाला लागेल.