परदेशातली नोकरी आणि मैत्रीचे तास



२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून पालकसभेत एक नवीन मागणी ऐकू येते, "मुलांना जर्मन शिकवा ना." नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, आचारी अशी कामांची यादी मोठी आहे. व्हिसा कसा काढायचा, पगार किती, भाषेची बी-वन पातळी म्हणजे काय, ही माहिती आता गावोगावी मिळते. पण तिथे पोचल्यावर रविवारी दुपारी कोणाशी बोलायचं, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मुलगा बावीस वर्षांचा आहे, करेल मित्र, त्यात काय शिकवायचं, असं आपण धरून चालतो. आजच्या लेखात हेच धरून चालणं जरा तपासून बघूया.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. तुमचा सगळ्यात जवळचा मित्र किंवा मैत्रीण कशी मिळाली? बहुतेकांचं उत्तर "शाळेत शेजारी बसायची" किंवा "आमच्याच वाड्यात राहायचा" असंच असतं. म्हणजे मैत्री करायला आपण मुद्दाम काही केलेलं नसतं. हजेरीपटाने आणि शेजाराने ती आपल्या पदरात टाकलेली असते.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या सहा महिन्यांत नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या प्रौढांना त्यांनी विचारलं की, नव्याने भेटलेल्या माणसाबरोबर तुमचा किती वेळ गेला आणि नातं कुठवर आलं? ढोबळ उत्तर असं आलं: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जिवलग व्हायला २०० तासांच्या वर. यात एक मेख आहे. कामाच्या निमित्ताने एकत्र घालवलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. मोकळे तास मोजायचे, म्हणजे गप्पांचे, खेळण्याचे, खाण्याचे, नुसतं बरोबर चालण्याचे.

आता हे गणित शाळेला लावून बघा. तासिका सोडून देऊ. मधली सुट्टी, डबा, येण्या-जाण्याची वाट, संध्याकाळचा खेळ मिळून दिवसाला दोन तास धरले तर आठवड्याला बारा झाले. महिनाभरात पन्नास पूर्ण. जूनमध्ये अनोळखी असलेला मुलगा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जिवलग होतो, त्यात नवल काही नाही. दोनशे तास भरलेले असतात.

परदेशी गेलेल्या मुलाचं हे खातं एका दिवसात शून्यावर येतं आणि तिथे ते भरून देणारी शाळाही नसते. स्टुटगार्टजवळ नर्स म्हणून गेलेली माझी एक विद्यार्थिनी फोनवर म्हणाली होती, "बाई, दिवसभर माणसांतच असते मी. पण सगळं बोलणं 'दुखतंय का' आणि 'गोळी घेतली का' एवढंच. घरी आले की भिंतीच." तिचं जर्मन चांगलं आहे. तिच्याकडे तास होते, पण ते कामाचे होते.

स्टुटगार्टचा रविवार

स्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेम्बर्गची राजधानी. १९६८ पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे, पण दोन्ही शहरांच्या रविवारात जमीन-अस्मानाचा फरक. जर्मनीत रविवार हा विश्रांतीचा दिवस आहे आणि त्याला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. दुकानं बंद असतात. ड्रिल मशीन लावायचं नाही, आवाज करायचा नाही. रोज रात्री दहानंतरही तसंच. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधारून येतं. ज्या मुलाला खिडकीतून भाजीवाल्याची आरोळी, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या टीव्हीवरची मालिका ऐकायची सवय आहे, त्याला ही शांतता बोचते. इथे आपण कोणालाच नको आहोत, असं त्याला वाटू लागतं. खरं तर तो नियम आहे, त्याचा या मुलाशी काही संबंध नाही. पण हे आधी कोणी सांगितलेलं नसेल, तर माणूस सगळं स्वतःवर ओढून घेतो.

दुसरा धक्का शब्दांचा. मराठीत आपण चहाच्या टपरीवर दोनदा भेटलेल्यालाही मित्र म्हणतो. जर्मन माणूस 'फ्रॉइंड' हा शब्द फार जपून वापरतो. बाकीचे सगळे 'बेकान्टे', म्हणजे ओळखीचे, किंवा 'कोलेगं', म्हणजे सहकारी. वर्षभर बरोबर काम केलेला माणूस आपली ओळख "हा माझा सहकारी" अशी करून देतो तेव्हा आपल्या मुलाला वाईट वाटतं. तिथे तो अपमान नाही, मोजमाप आहे. (जाता जाता: 'माइन फ्रॉइंड' म्हणजे शब्दशः 'माझा मित्र', पण मुलीने तसं म्हटलं की ऐकणारा प्रियकर समजतो. नुसता मित्र असेल तर 'माझ्या मित्रांपैकी एक' अशी रचना करतात. वर्गात हे सांगितलं तर मुलं जन्मात विसरणार नाहीत.)

'तू' आणि 'तुम्ही' मात्र मराठी मुलाला आयतं समजतं. इंग्रजीत तो भेद उरलेला नाही, जर्मनमध्ये आहे: 'दू' आणि 'झी'. अहोजाहोवरून अरेतुरेवर यायचं तर वयाने किंवा पदाने मोठा असलेल्याने ते सुचवायचं, ही तिथली जुनी रीत. आजकाल पुष्कळ ठिकाणी पहिल्या दिवसापासून 'दू' चालतं, पण शेजारच्या आजींना आपण होऊन 'दू' म्हणू नये. जर्मन शिकवणाऱ्यांनी हा पाठ इंग्रजीच्या आधाराने शिकवण्यापेक्षा मराठीच्या आधाराने शिकवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बोली! या भागातली श्वाबिश बोली पुस्तकी जर्मनपासून इतकी दूर आहे की, खुद्द त्या राज्याच्या सरकारी जाहिरातीचं घोषवाक्य होतं: आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. पुण्यात पुस्तकातून मराठी शिकलेला परदेशी माणूस मालवणच्या मासळीबाजारात उभा राहिला तर त्याचं जे होईल, तेच आपल्या मुलांचं पहिल्या आठवड्यात होतं. घाबरायचं कारण नाही. "जरा हळू सांगाल का?" हे वाक्य तेवढं न लाजता म्हणता आलं पाहिजे.

तास कुठे भरायचे

याचं जर्मन उत्तर 'फेराइन'. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. देशात सहा लाखांच्या आसपास फेराइन आहेत. नोंदणीला किमान सात सदस्य लागतात. फुटबॉल, बुद्धिबळ, गायन, बागकाम, डोंगर चढणं, कशाचंही मंडळ असतं. आपल्याकडेही गणेश मंडळ, भजनी मंडळ, तालीम आहेच. फरक असा की, आपल्या मंडळात माणूस गल्लीमुळे येतो, वर्गणी मागायला मंडळच दारात येतं. तिथे कोणी बोलवायला येत नाही. आपण जायचं, बहुतेक ठिकाणी एक-दोनदा बसून बघायचं, मग वार्षिक वर्गणी भरून दर मंगळवारी ठरल्या वेळेला हजर राहायचं.

त्या मंगळवारातच सगळं आहे. आठवड्याला दोन तास धरले तर पन्नास तासांना पंचवीस आठवडे लागतात. ऑक्टोबरात सुरू केलेल्या मुलाला पहिली साधी मैत्री एप्रिलच्या सुमाराला मिळेल. पण बहुतेक मुलं तीन-चार मंगळवार जातात, कोणी फारसं बोलत नाही म्हणून सोडून देतात आणि "जर्मन माणसं थंड असतात" असा निष्कर्ष काढतात. सहा-आठ तासांत निकाल लावलेला असतो. खेळ संपल्यावर सगळे जरा बसतात, काही पितात, गप्पा मारतात. तो तास सोडून घरी पळणाऱ्याचं खातं तर फारच हळू भरतं. दारूच घ्यावी लागते असं नाही, सफरचंदाच्या रसात सोडा घालून पिणारे तिथे पुष्कळ असतात.

आपल्या मुलांना शोभेल असं एक मंडळ म्हणजे श्वाबिशर आल्बफेराइन. १८८८ साली स्थापन झालेलं, युरोपातल्या मोठ्या पदभ्रमण मंडळांपैकी एक. राजगड-तोरणा पायी केलेल्या पोराला तिथले डोंगर जड जाणार नाहीत, आणि चालताना भाषा तोडकीमोडकी असली तरी निभावते. तसंच 'फोल्क्सहोखशूले', म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शाळा. भाषेपासून स्वयंपाकापर्यंत वर्ग असतात आणि शुल्क परवडण्यासारखं असतं. तिथल्या भाषावर्गात बसलेले सगळे आपल्यासारखेच नवखे आणि एकटे असतात. पहिले मित्र बहुधा तिथेच होतात. ते सीरियाचे, ब्राझीलचे असतील. जर्मनच हवेत असा हट्ट कशाला?

शेजाऱ्यांकडे जायचा रस्ता जिन्यावरून जातो. या भागात 'केअरवोखे' नावाची पद्धत आहे. आळीपाळीने एकेका घराने आठवडाभर सामायिक जिना झाडून-पुसून घ्यायचा. पाळी आली की दारावर पाटी लटकते. आपली पाळी नीट पार पाडणाऱ्याला शेजारी स्वतःहून नमस्कार करतात, असा अनुभव मुलं सांगतात.

आणि मराठी मंडळी? गणपतीला, दिवाळीला त्यांच्यात जावंच. आजारपणात डबा तिथूनच येणार आहे. पण सगळेच मोकळे तास तिथे गेले तर दहा वर्षांनीही शहर परकंच राहतं. मी तरी मुलांना सांगते, रविवार मराठीचा, मंगळवार गावाचा.

शाळेत आणि घरी

बुद्धिबळ, कॅरम, फुटबॉल, तबला, चित्रकला, पोहणं यांना व्याकरण लागत नाही. ज्याच्या हातात असं एक काही आहे, तो परक्या गावात पहिल्याच आठवड्यात कुठल्या तरी दारात उभा राहू शकतो. आणि आपण काय करतो? दहावी आली की तबला बंद, बारावी आली की मैदान बंद. पुढे तोच मुलगा भाषेचं प्रमाणपत्र घेऊन विमानात बसतो तेव्हा त्याच्याकडे मंगळवारी करण्यासारखं काहीच नसतं.

वर्गात एक उपक्रम करून बघा. महिन्यातून एक आठवडा बाकावरच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून बदला. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकाने नव्या जोडीदाराबद्दल पाच वाक्यं लिहायची; त्यातली दोन तरी अशी हवीत, जी प्रश्न विचारल्याशिवाय कळली नसती. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. लाजरी मुलं मात्र यात बोलती होतात, कारण "तू का विचारतोस?" याचं उत्तर तयार असतं: "बाईंनी सांगितलंय."

पालकांसाठी एवढंच. फोनवर "मित्र झाले का रे?" असं विचारलं की मुलगा "हो" म्हणतो. आईला वाईट वाटू नये म्हणून म्हणतो, आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी "या मंगळवारी गेला होतास का?" असं विचारा. गेला असेल तर तिथे कोण कोण होतं, कोणी काय आणलं होतं, तेही विचारा. नसेल गेला, तर पुढच्या बुधवारी पुन्हा फोन करा.